सुपरवायझर झालात, हातात किती पडले?

श्रोतेहो, एखाद्या माणसाला बढती मिळते आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या हातात पूर्वीपेक्षा कमी पैसे पडतात, असे सांगितले तर तुम्हाला ते कोडे वाटेल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मात्र या कोड्याचे कुणाला नवल वाटत नाही. मी याच वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात पुष्कळ वर्षे कंत्राटदारांची बिले तपासली. त्यामुळे हा हिशेब मला तोंडपाठ आहे. तो आधी मांडतो.

समजा, साफसफाईच्या कामावरच्या एका बाईंना महिन्याला १४,००० रुपये वेतन आहे. सव्वीस दिवस आणि आठ तास धरले तर तासाचे ६७ रुपये होतात. जादा कामाचे म्हणजे ओटीचे पैसे दुपटीने द्यायचे असतात, म्हणजे तासाला साधारण १३५. महिन्यात तीस तास ओटी झाली की चार हजार रुपये वर येतात आणि एकूण रक्कम अठरा हजारांवर जाते. आता बाई हुशार आहेत, चार बायका सांभाळतात, हजेरी नीट लिहितात. म्हणून त्यांना सुपरवायझर केले. पगार किती? १७,००० रुपये. आणि ओटी? "ताई, तुम्ही आता स्टाफमध्ये आलात. स्टाफला ओटी नसते." झाली बढती! अंगावरची साडी जाऊन तिथे कोट आला, गळ्यात ओळखपत्र आले, कालपर्यंतची "मावशी" आज "मॅडम" झाली आणि महिन्याला हजार रुपये कमी झाले.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. कुणाचा पगार दोन हजारांनी जास्त असेल, कुणाचा कमी. पण गणिताची चाल तीच राहते. मी आज बोलतो आहे ते याच मधल्या माणसांबद्दल. कारखान्यातले यंत्रावरचे सुपरवायझर माझ्यासमोर नाहीत. त्यांच्यामागे निदान डिप्लोमा असतो, कंपनीची श्रेणी असते. मी बोलतो आहे ते साफसफाई, कॅन्टीन, पहारा, बाग, अतिथीगृह, कपडे धुण्याचा विभाग अशा सेवेच्या कामांवरच्या देखरेखीच्या माणसांबद्दल. अंबडमध्ये कारखाने आहेत तसे महामार्गावर मोठे हॉटेलही आहे. आजूबाजूला इस्पितळे आहेत, मंगल कार्यालये आहेत, सिडकोच्या बाजूला मॉल आहे. या सगळ्यांचा दिवस सुरू होतो तो या लोकांच्या शिट्टीने. साहेब येण्याआधी फरशी कोरडी हवी, नाश्त्याचे पोहे गरम हवेत, फाटकावर माणूस उभा हवा. यातले काही चुकले की जाब सुपरवायझरला. दोन बायका आल्या नाहीत तर फडके कोण उचलतो? तोच.

याचा पगार इतका आखूड का, याचे उत्तर मला बिलांत सापडले. कंत्राटदाराचे बिल वाचले आहे का तुम्ही कधी? पहिल्या ओळीत माणसांची संख्या आणि त्यांचे किमान वेतन. खाली भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, बोनस, रजा. हे सगळे कायद्याने ठरलेले. शेवटी कंत्राटदाराचा सर्व्हिस चार्ज. ज्याचा सर्व्हिस चार्ज कमी, त्याला काम. आता स्पर्धा कुठे करणार? वेतनाच्या ओळींना हात लावता येत नाही. निदान कागदावर तरी लावता येत नाही. मग वाटाघाटीच्या टेबलावर एक वाक्य हमखास येते: "साहेब, चाळीस माणसांमागे एक सुपरवायझर आमच्याकडून फुकट." खरेदी विभाग खूश होतो. पण हा फुकटचा माणूस पोट घेऊनच येतो. त्याचा पगार कंत्राटदाराच्या त्या आधीच घासून कमी केलेल्या सर्व्हिस चार्जमधून निघतो. कामगारांचे किमान वेतन दर सहा महिन्यांनी विशेष भत्त्यामुळे थोडे वाढते आणि ती वाढ कंपनी भरून देते. सुपरवायझरची वाढ भरून देणारे कुणीच नसते. तीन-चार वर्षांत खालची शिडी वर सरकत येते आणि वरची पायरी जागच्या जागी राहते. शेवटी दोघांत हजार रुपयांचे अंतर उरते, कधी तेवढेही नाही.

किमान वेतनाच्या अधिसूचनांत मुख्यतः कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात. हाताखालच्या वीस माणसांची जबाबदारी घेणारा कोणत्या वर्गातला? बहुतेक ठिकाणी त्याला कुशलच्या रांगेत उभे करतात. कुशल आणि अकुशल यांच्या दरांतला फरक फार मोठा नसतो. म्हणजे वीस माणसांची कटकट सांभाळण्याची किंमत तेवढ्या फरकात बसवायची.

नव्या कायद्यानेही ही कामे कंत्राटी असणे गृहीतच धरले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षिततेची संहिता म्हणते की आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर नेमू नयेत, त्याला काही अपवाद आहेत. पण मुख्य काम म्हणजे काय नव्हे, याची यादी पाहा: साफसफाई, पहारा, कॅन्टीन, बागकाम, हाउसकीपिंग, कपडे धुणे. आपल्या आजच्या विषयातली जवळजवळ सगळी माणसे या यादीत आली. कॅन्टीन बंद पडले तर दुपारच्या पाळीला काय होते ते अंबडमधल्या कुणालाही विचारा. पण ते मुख्य काम नव्हे.

आता घराकडे येऊ. सिडकोने नाशकात सहा योजनांत हजारो लहान घरे बांधली, ती मुळात अशाच मिळवत्या माणसांसाठी. त्या घरांवर आता मजले चढले आहेत. खाली मालक, वर भाडेकरू. कामटवाडे, उत्तमनगर, पवननगर, दत्तनगर, चुंचाळे, पाथर्डी फाटा या पट्ट्यात सेवेच्या कामांतली बरीच माणसे खोली घेऊन राहतात. नाशिकची भाजी स्वस्त, असे मुंबईचे पाहुणे म्हणतात. मान्य. टोमॅटो, कांदा, मेथी आपल्याला शेताजवळच्या भावात मिळते. पण माणूस मेथीवर जगत नाही, आणि घरमालक भाडे जुडीत घेत नाही.

पुन्हा एक हिशेब घेऊ. माझे आकडे काढून तुमचे घाला. सुपरवायझरचा पगार १८,५०० रुपये. निर्वाह निधी, विमा आणि व्यवसाय कर मिळून साधारण २,१०० कापले. हातात १६,४००. खोलीचे भाडे ५,०००. वीज आणि गॅस १,४००. किराणा ४,५००. दूध-भाजी २,७००. दोन मुलांची शाळा आणि रिक्षा, महिन्यावर वाटून, २,०००. दुचाकीचे पेट्रोल आणि मोबाइल १,८००. बेरीज १७,४००. म्हणजे कुणी आजारी नाही, कुणाचे लग्न नाही, गावाकडून फोन नाही, तरी हजार रुपये उणे. हे हजार रुपये कुठून येतात? बायकोच्या शिवणकामातून, डब्यांतून, किंवा वाण्याच्या वहीतून. तरी यात डिपॉझिट धरलेले नाही आणि वृद्ध आईवडील धरलेले नाहीत.

मोबाइल आणि पेट्रोलच्या ओळीकडे जरा लक्ष द्या. कामगार पायी येतो, शेअर रिक्षाने येतो, सिटीलिंकच्या बसने येतो. सुपरवायझरला पहाटे साडेपाचला गैरहजरांचे फोन घ्यायचे असतात आणि बदली माणूस शोधायला उत्तमनगरच्या गल्ल्यांतून गाडी फिरवायची असते. पेट्रोलने २०२१ साली लिटरला शंभरी ओलांडली, तेव्हापासून ही ओळ जास्तच टोचते. फोटो काढून साहेबांच्या ग्रुपवर टाकायचे म्हणून फोनही बरा लागतो. हा सारा खर्च कामाचा, पण जातो घरातून. भत्ता म्हणून मागितला की उत्तर येते, "तुमच्या पगारात ते धरलेलं आहे."

बाई सुपरवायझर असेल तर एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. वर्षाचे अडीच हजार रुपये वाचतात. तरीही काहींच्या पगारातून दर महिना दोनशे रुपये कापले जात असतील. पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ एकदा बघा.

जगायला किती लागते, हे ठरवण्याचा विचार या देशात जुना आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात त्याचे निकष ठरले. कुटुंबाची तीन एकके धरायची, माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाचे ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरकुलाइतके भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी वेतनाच्या वीस टक्के. रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यात पंचवीस टक्क्यांची भर घालायला सांगितले; मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी. न्यायालयाने सणवार धरले, हे मला फार आवडते. पण तीन एककांत नवरा, बायको आणि दोन मुले एवढीच बसतात. आई गावी असते, तिच्या गोळ्या या सूत्रात बसत नाहीत.

आता गंमत ऐका. वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात घरभाड्याचा निकष असा होता: अन्न आणि कापडावरच्या खर्चाच्या दहा टक्के. आपल्या हिशेबात किराणा आणि दूध-भाजी मिळून ७,२०० रुपये. कापडाचे आणखी आठशे धरा. झाले ८,०००. त्याचे दहा टक्के म्हणजे ८००. आठशे रुपयांत अंबडला खोली दाखवणारा दलाल मला भेटवा. मी त्याचा सत्कार करीन.

महागाई मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, आणि नाशिक त्यात आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचे श्रम ब्युरो दर महिन्याला काढते; सध्या त्याचे आधार वर्ष २०१६ आहे आणि नाशिक हे त्यातले एक केंद्र आहे. घरभाड्याची पाहणी मात्र सहा महिन्यांनी होते. या निर्देशांकांवरून सरकार विशेष भत्ता ठरवते, पण तो राज्याच्या सरासरीवर. म्हणजे चुंचाळ्यातल्या भाडेवाढीचा धक्का वेतनापर्यंत पोचेतो तो पुष्कळ बोथट झालेला असतो. आणि सुपरवायझरपर्यंत तर तो पोचतच नाही, कारण त्याचा पगार "ठरलेला" असतो. निर्देशांकाशी त्याची गाठ बांधलेलीच नसते.

इथवर पैशाचे झाले. पण मला जास्त काळजी वाटते ती काही रेषांची. या रेषा कायद्याने आखलेल्या आहेत आणि सुपरवायझर त्या नकळत ओलांडतो.

पहिली रेषा "कामगार" असण्याची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीच्या कामावरचा माणूस एका रकमेपर्यंतच कामगार मानला जाई. ती रक्कम आधी महिना ५०० रुपये होती, १९८४ पासून १,६०० झाली, २०१० साली १०,००० झाली. त्यानंतर पंधरा वर्षे ती हलली नाही. मधल्या काळात अनेक उद्योगांत अकुशल माणसाचे किमान वेतनच दहा हजारांच्या वर गेले. म्हणजे देखरेख करणारा प्रत्येक जण आपोआप रेषेबाहेर! कामावरून काढले तर कामगार न्यायालयात जायची वाट अवघड, संघटनेच्या मागणीपत्रात त्याचे नाव नाही, आणि व्यवस्थापनाच्या जेवणाच्या टेबलावरही त्याची खुर्ची नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही रेषा १८,००० वर आली आहे. थोडे बरे झाले. संहितेतली वेतनाची व्याख्या वेगळी आहे, घरभाडे भत्त्यासारख्या काही रकमा त्यात धरत नाहीत, पण अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच मोजतात. त्यामुळे हाती १८,५०० चे पत्र असले तरी आपण रेषेच्या आत की बाहेर, हे त्या पत्रातली फोड पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि न्यायालयांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अर्कल गोविंदराज राव विरुद्ध सिबा गायगी या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माणसाचे मुख्य काम काय ते पाहायचे. हुद्द्याचे नाव किंवा अधूनमधून केलेले दुसरे काम पाहून ठरवायचे नाही. म्हणजे छातीवर सुपरवायझरची पट्टी आहे, पण दिवसातले सहा तास हातात मॉप आहे, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, कुणाला नेमण्या-काढण्याचा अधिकार नाही, तर तो माणूस कामगारच असू शकतो. मात्र सहा तास मॉप हातात होता हे दाखवायला काहीतरी लागते. मस्टरवर तर त्याची सही "पर्यवेक्षक" म्हणून असते. मी ओळखीच्या लोकांना सांगत असे की खिशात एक छोटी डायरी ठेवा आणि आज कुणाच्या जागी काय काम केले ते दोन ओळींत लिहा. बहुतेक जण हसत. एक-दोघांनी लिहिले.

अमेरिकेतही हाच खेळ चालतो. तिथे १९३८ च्या कायद्याने ओटी दीडपट द्यावी लागते. पण व्यवस्थापकाला त्यातून वगळता येते. मग दुकाने नुसतेच "मॅनेजर" म्हणू लागली. त्यावर तिथे दोन अटी आहेत: काम खरोखर व्यवस्थापनाचे हवे आणि पगार किमान इतका हवा. तो आकडा सध्या आठवड्याला ६८४ डॉलर आहे. २०२४ साली सरकारने तो वाढवला होता, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ती वाढ रद्द केली. तिथला आकडा पगार फार कमी असलेल्या माणसाला साहेब म्हणू देत नाही. आपल्याकडच्या रेषेचा उपयोग उलटा. पगार जरा वाढला की ती माणसाला संरक्षणाबाहेर काढते.

दुसरी रेषा कामगार विम्याची. १ जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपयांवर आहे. याच रेषेवर मी एक बिल पाहिले होते. त्याचा हिशेब अगदी साधा आहे. सुपरवायझरचे विम्याच्या हिशेबातले वेतन २०,८०० आहे. त्यातून पाऊण टक्का, म्हणजे १५६ रुपये त्याचे कापले जातात आणि सव्वातीन टक्के, म्हणजे ६७६ रुपये मालक भरतो. कंत्राटदाराने उदार होऊन ५०० रुपये वाढवले. वेतन २१,३०० झाले, विमा सुटला. कंत्राटदाराने पाचशे दिले आणि सहाशे शहात्तर वाचवले. वाढ देऊन तो १७६ रुपये फायद्यात! सुपरवायझरच्या हातात साडेसहाशेच्या आसपास जास्त आले. तो पेढे घेऊन आला. पण त्याच्या बायकामुलांचे सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातले उपचार, आजारपणाच्या रजेचे पैसे, कामावर येता-जाता अपघात झाला तर मिळणारी भरपाई, हे सारे त्या पाचशे रुपयांत विकले गेले. साडेसहाशे रुपयांत चौघांचा खासगी आरोग्य विमा येतो का, ते तुम्ही चौकशी करून बघा.

विमा रुग्णालयात रांगा असतात, औषध कधी नसते, हे मलाही ठाऊक आहे. तरी मोठे आजारपण आले की रांगेत उभे राहायचा हक्क असणे आणि नसणे यात फरक पडतो. अशी पगारवाढ देताना शेजारी बसवून हे कुणी सांगत नाही, हे माझे दुखणे आहे.

एक बारीक नियम मात्र कामाचा आहे. विम्याची वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मुदत सुरू झाल्यावर मधेच पगार २१,००० च्या वर गेला तर ती मुदत संपेपर्यंत विमा सुटत नाही. म्हणजे तीच वाढ १ एप्रिलला घेतली तर त्याच दिवशी माणूस बाहेर, आणि मे महिन्यात घेतली तर सप्टेंबरअखेरपर्यंत आत. ओटीचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत. घरात बाळंतपण असेल, कुणाचे ऑपरेशन ठरले असेल, तर एक महिना थांबून वाढ मागण्यात शहाणपण आहे. एका कॅन्टीनच्या सुपरवायझर बाईंनी तर वेगळाच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "पगार आहे तेवढाच राहू द्या. माझ्या मोबाइलचं आणि पेट्रोलचं बिल तेवढं कंपनीच्या नावानं घ्या." कंत्राटदार आठ दिवस कुरकुरला. मग त्याने दिले.

नव्या संहितेप्रमाणे नेमणुकीचे पत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. बढतीच्या दिवशी नवे पत्र मागा आणि त्यात चार गोष्टी आहेत का ते वाचा: मूळ वेतन किती, भत्ते कोणते, ओटी आहे की नाही, आणि गैरहजर माणसाच्या जागी काम केले तर त्याचे काय. शेवटच्या ओळीवर सगळे अडते. कंपन्यांचे जे अधिकारी हा कार्यक्रम ऐकत असतील त्यांच्यासाठी मी एवढेच म्हणेन की पुढच्या निविदेत सुपरवायझरची ओळ वेगळी लिहा, त्याच्यापुढे कुशल कामगाराच्या वरचा ठरावीक टक्का घाला, आणि कामगारांचा विशेष भत्ता वाढेल तेव्हा ती ओळही वाढेल असे कलम टाका. चाळीस माणसांच्या बिलात त्याने काय फरक पडतो हे मी एकदा काढून पाहिले होते. महिन्याला माणशी शंभर रुपयेसुद्धा नाही.